दहावं घर

मी आयुष्यात बऱ्याचदा खोटं बोलले. सासूशी बोलले, नवऱ्याशी बोलले, एकदा कोर्टातही बोलले. त्यांतलं बहुतेक मला आठवतही नाही. पण एक खोटं मी धुळ्यात, आमच्याच ओट्यावर उभी राहून बोलले आणि ते एकाच शब्दाचं होतं. ते मात्र गेलं नाही.

माझं माहेर धरणगावजवळचं. घरी कापूस पिकायचा. मी चौथी पास झाले आणि शाळा सुटली. लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा एवढं मोठं शहर मी पहिल्यांदाच पाहिलं. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. आमच्या गल्लीचा नंबर मी सांगत नाही.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. गल्लीच्या मध्यावर विहीर होती, ती त्यांच्या वडिलांनी खणलेली. पाणी सगळी गल्ली भरायची, पण नाव आमच्या घराचं होतं. आबा सकाळी दातण घेऊन विहिरीच्या काठावर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचे, "पाणी कसं आहे गं?" एखादी म्हणाली, "गोड आहे आबा," की त्यांचा दिवस चांगला जायचा.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. एका पावसाळ्यात शहरात मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, फार पसरला. आमच्याकडे त्याला मोतीझरा म्हणतात, कारण गळ्यावर आणि छातीवर मोत्यासारखे बारीक दाणे उठतात. नगरपालिकेत बाहेरगावचा एक तरुण डॉक्टर आला होता. शहरात हा ताप किती जणांना आहे, हे त्याला काढायचं होतं. दवाखान्यात येणारे थोडे. बाकीचे घरातच पडून राहायचे, बरे व्हायचे नाहीतर मरायचे, आणि मेले तरी नोंदवहीत नुसतं 'ताप' एवढंच लिहिलं जायचं. म्हणून घरात जाऊन बघणाऱ्या, लिहिता येणाऱ्या बाया हव्या होत्या. दवाखान्यातल्या सुईणीनं माझं नाव सांगितलं. आबांनी जाऊ दिलं, कारण काम सरकारी होतं आणि सुनेला बोलावणं आलं हे चारचौघांत सांगता येत होतं.

आम्ही तिघी बाया होतो. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं.

"एवढ्या मोठ्या शहरात घरोघरी जायला वर्ष लागेल," ते म्हणाले. "तुमच्याकडे व्यापारी कापसाची गाडी बघतो तेव्हा काय करतो? सगळा कापूस उपसतो का?"

"नाही," मी म्हणाले. "चार ठिकाणी हात घालतो."

"मग तसंच."

"पण साहेब, गाडी भरणाराही काही कमी नसतो. वर पांढराशुभ्र ठेवतो आणि भिजलेला खाली दडपतो. माझे काकाच करायचे."

दुसऱ्या दोघी हसल्या. डॉक्टरही हसले. "म्हणून तर हात कुठं घालायचा ते गाडीवाल्यानं ठरवायचं नाही. गल्लीच्या तोंडापासून मोजायचं आणि दर दहावं घर घ्यायचं. ते तुमच्या मैत्रिणीचं असो की भांडकुदळ बाईचं. त्या घरात मागच्या महिन्यात आठ दिवसांपेक्षा जास्त ताप कुणाला आला, आज कुणाला आहे, पाणी कुठलं पितात, धुणं कुठं धुतात, एवढं लिहायचं. आणि एक लक्षात ठेवा. तुम्ही एका घरात 'नाही' लिहिलं तर माझ्या हिशेबात ते दहा घरांचं 'नाही' होतं."

हे मला तेव्हा नीट कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

माझ्याबरोबर पालिकेचा एक कारकून असायचा. पन्नाशीचा, छत्री काखेत, पान तोंडात. पुरुषमाणूस म्हणून तो ओट्यावर बसायचा. मी आत जाऊन बघायची, बाहेर येऊन सांगायची, तो वहीत लिहायचा.

बाया सरळ सांगायच्या नाहीत. मोतीझऱ्याचं नाव घेतलं तर तो रागावतो असं त्या मानायच्या. शिवाय लग्नाच्या पोरी असायच्या, दुकानं असायची. "कोणी नाही बाई, सगळे धडधाकट," असं म्हणून दारातच उभ्या राहायच्या. पण मला एक खूण ठाऊक होती. आमच्याकडे घरात मोतीझरा निघाला की चुलीवर फोडणी द्यायची नाही. तेलाचा चरचर आवाज नको, मोहरी-हिंगाचा वास नको. आजारी माणूस उठून बसेपर्यंत वरण बिनफोडणीचं, भाजी उकडलेली. म्हणून मी मुद्दाम स्वयंपाकाच्या वेळी जायची. गल्लीत सगळीकडे फोडणीचा वास आणि एका घरातून नुसत्या शिजलेल्या डाळीचा, की मी ओळखायची.

"अक्का," कारकून म्हणायचा, "पालिकेनं तुमचा हात नाही, नाक नोकरीला ठेवलंय."

"नाक माझं आहे भाऊ. तुम्ही पान थुंकायला लांब जा, मला वास कळत नाही."

मी कुणाची गय केली नाही. एका घरात बाई म्हणाली, कोणी आजारी नाही. चुलीवर बिनफोडणीची डाळ होती. मी कणगीच्या मागं जाऊन पाहिलं, तर दहा-बारा वर्षांची पोर पोत्यावर पडलेली, ओठ काळे पडलेले. मी दारात येऊन मोठ्यानं म्हणाले, "लिहा भाऊ, एक." ती बाई माझ्या मागं ओट्यापर्यंत आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुना घरमा निंघी तवय समजी तुले!"

मी उलट म्हणाले, "माझ्या घरात निघाला तर मी लपवणार नाही."

हे मी खरंच बोलले. कारकुनानं ऐकलं.

पंधरा दिवसांनी माझ्या नणंदेला ताप भरला. ती सतरा वर्षांची होती. दोंडाईच्याला तिची सोयरीक ठरली होती, सुपारी फुटली होती, तुळशीचं लग्न लागलं की हिचं लागणार होतं. पहिले चार दिवस आम्ही साधा ताप समजलो. सहाव्या दिवशी सासूनं तिचं पोलकं वर करून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. दाणे होते.

त्या दिवशी मला वाटलं, आता आपल्या घरात फोडणी बंद. पण संध्याकाळी सासूनं कढई ठेवली, भरपूर तेल ओतलं आणि मोहरी टाकली. एरवी घालायची त्याच्या दुप्पट. धूर मधल्या खोलीत गेला. नणंद खोकायला लागली. सासूचे डोळे धुरानं वाहत होते की रडण्यानं, मला कळलं नाही. कधी नेमधर्म न मोडणारी बाई ती, पण माझ्यासारखं नाक दुसऱ्या कुणाला असलं तर, म्हणून तिनं तो मोडला. ही युक्ती तिला माझ्यामुळेच सुचली. मीच रोज घरी येऊन फुशारकीनं सांगायची ना, कुठलं घर कसं पकडलं ते.

आमची गल्ली कुणी करायची हे ठरलेलं नव्हतं. ती माझ्याच वाट्याला आली. चाळीस-बेचाळीस घरं होती, म्हणजे चार दहावी घरं. मी आदल्या दिवशीच गल्लीच्या तोंडापासून दारं मोजली. तिसावं दार आमचं होतं. पुन्हा मोजलं. तिसावंच. गल्लीच्या कोपऱ्यावर एका घराला दोन दारं होती. ती दोन धरली असती तर आमचं घर एकतिसावं झालं असतं. ते मला सुचलं आणि मी ते केलं नाही. का, तर घराच्या दोन चुली नव्हत्या, आणि नियम म्हणजे नियम. माझी अक्कल बघा. दार मोजण्यात मी प्रामाणिक राहिले.

सकाळी निघताना सासू म्हणाली, "त्यान्ले सांगी दे, घरमा बठ्ठा खुशाल शेतस."

"आत्याबाई, मला खोटं लिहायला लावू नका."

"तू कोठे लिखस? तो लिखस. तू नुसतं सांग." मग आवाज उतरवून म्हणाली, "कार्तिकमा लगन शे. मोतीझरा निंघना म्हनीसन गावमा बोंब मारू का मी? पोर घरमा बसी ऱ्हायनी तर तू पोसशी का तिले?"

पहिल्या दोन दहाव्या घरांत कोणी आजारी नव्हतं. ते खरं होतं. मग आमचं घर आलं. कारकून आमच्या ओट्यावर बसला. आबांनी त्याला पाणी दिलं आणि विहिरीची हकीकत सुरू केली. मी आत गेले. माझ्याच घरात मी तपासणी करायला चालले होते. नणंद मधल्या खोलीत गोधडीखाली होती. तिनं मला विचारलं, "वहिनी, माझं नाव लिहिणार?" मी तिची गोधडी नीट केली. चुलीवर फोडणी चरचरत होती.

मी बाहेर आले.

"काय अक्का?" कारकून म्हणाला. "स्वतःच्या घराला सवलत नाही हं."

"नाही," मी म्हणाले. "कोणी नाही."

त्यानं हवेत नाक ओढलं. "वा, हिंग जोरात आहे आज. इथं कशाचा मोतीझरा!" आणि लिहिलं. पाणी कुठलं, या रकान्यात आबांनी त्याला स्वतः सांगितलं, "घरच्या विहिरीचं."

चौथ्या घरातही कोणी नव्हतं. आमच्या गल्लीपुढं शून्य पडलं.

पाणी शुद्ध करायला विहिरीत टाकायची पांढरी पूड पालिकेकडे थोडीच होती. म्हणून डॉक्टरांनी वहीवरून ठरवलं, ताप जास्त निघाला तिथली विहीर आधी, शून्य तिथली शेवटी. शेजारच्या गल्लीत चार घरांत तीन रुग्ण निघाले होते. तिथली विहीर फळ्या टाकून बंद केली आणि त्या गल्लीतल्या लोकांना दवंडी पिटून सांगितलं की पाणी आमच्या विहिरीवरून न्या. आबांना केवढा आनंद! ते नवा दोर घेऊन आले. काठावर उभं राहून म्हणाले, "न्या, न्या. सरकारनं तपासलेलं पाणी आहे."

त्याच विहिरीच्या ओट्यावर मी नणंदेचे कपडे धूत होते. तिला जुलाब होत होते. दिवसात चार-चार चिरगुटं निघायची. मी सासूला म्हणाले, पांझरेवर नेते. ती म्हणाली, दारात विहीर असताना सून नदीवर धुणं नेते, तर लोक विचारतील का. म्हणून भर दुपारी, बाया निजल्या की, मी ते विहिरीवर धुवायची. ओट्याच्या दगडांत एक भेग होती. पाणी त्या भेगेत जायचं. कुठं जातं, हे मी बघत नव्हते. घराघरांत जाऊन "धुणं कुठं धुता?" असं मीच विचारायची, कारण डॉक्टरांनी ते विचारायला सांगितलं होतं.

शेजारच्या गल्लीतून एक शिंप्याची बायको पाण्याला येऊ लागली. माझ्याच वयाची, बडबडी, बरोबर सहा-सात वर्षांची पोर. पोरीला बापानं चिंध्यांचं रंगीबेरंगी परकर-पोलकं शिवून दिलं होतं. आई घागर भरेपर्यंत ती ओंजळीनं दोराखालचं पाणी प्यायची.

"अक्का," ती बाई म्हणायची, "तुमच्या पाण्यात डाळ कशी लोण्यासारखी शिजते! आमच्या विहिरीचं म्हणजे नुसतं मचूळ. नाही त्या रोगाचं घर. बरं झालं तुम्ही ते शोधून काढलंत."

"हं," मी म्हणायची.

"तुमचं तोंड का असं? सासूनं टोकलं का?"

"ती टोकते तेव्हा मी हसते. तू घागर उचल."

ती हसायची. मला ती आवडायची. त्या पोरीला पाणी पिताना पाहून मी दोनदा म्हणाले, "पोरी, घरी जाऊन पी, उकळून पी." आई म्हणाली, "सरकारनं तपासलेलं आहे ना, मग?" मी तिची घागर डोक्यावर चढवून दिली. त्यावेळी तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. पाणी बंद झालं असतं, लग्न मोडलं असतं, सासूनं मला माहेरी पाठवलं असतं. मी हे सगळं मनात मांडून पाहिलं, आणि त्यात मला माझं घर जड वाटलं.

आश्विनात ती पाण्याला एकटी आली. म्हणाली, "पोर तापली आहे. आठ दिवस झाले. अक्का, तुम्हाला कळतं, येऊन बघा ना."

मी गेले. तिच्या घरात फोडणीचा वास नव्हता. पोरीच्या गळ्यावर दाणे होते.

"तोच का?"

"तोच."

"पण आम्ही तर तुमचंच पाणी पितो," ती म्हणाली. तिचा माझ्यावर रोख नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. औषध आलं. माझी नणंद तोवर उठून बसली होती, भूक लागली म्हणून भांडत होती. अठराव्या दिवशी त्या पोरीचं पोट फुगलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी तिथं होते. तिच्या बापानं मशीन बंद केलं नव्हतं, त्याचा पाय नुसताच चालत होता, सुईखाली कापड नव्हतं.

मी तिथून घरी गेले नाही. तडक पालिकेत गेले. डॉक्टर नकाशावर आकडे लिहीत होते. मी उभ्यानंच सांगितलं. नणंद, तारीख, फोडणी, धुणं, भेग, सगळं.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. मला ते हवंही होतं. त्यांनी माझी वही काढली आणि विचारलं, "आणखी किती?"

"एकच साहेब. बाकी सगळं खरं आहे. देवाशपथ."

"ते मला कसं कळणार, बाई?"

माझ्या वहीत साठच्या वर घरं होती. एकेका घरात मी शिव्या खाऊन शिरले होते, कणग्यांच्या मागं पाहिलं होतं. ती कणगीमागची पोरही त्यात होती. डॉक्टरांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पानावर तांबड्या शाईची रेघ ओढली. हळूहळू, पट्टी लावून. मी शेवटपर्यंत उभी होते. मग ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. पण हे आकडे आता मला धरता येणार नाहीत." पुढं मला कामावर बोलावलं नाही. शहराचा आकडा काढला तेव्हा मी हिंडलेल्या गल्ल्या त्यात नव्हत्या. तेवढ्या भागात ताप किती होता, हे कुणालाच कधी कळलं नाही.

त्याच संध्याकाळी आमच्या विहिरीवर फळ्या पडल्या. आबा काठावर आले, फळ्यांवर हात ठेवला आणि घरात गेले. त्यानंतर ते मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. सासू बोलली, पुष्कळ बोलली.

आणि ज्याच्यासाठी हे केलं ते लग्न? विहीर बंद झाल्यावर बातमी दोंडाईच्याला पोचलीच. वराची आई स्वतः आली. तिनं नणंदेला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, तर केस हातात आले. या तापानं केस झडतात. ती म्हणाली, "एवढंच ना? आमच्याकडे तिघं निघाले यातून. केस येतील, गंगावण लावू." लग्न ठरल्या दिवशी लागलं. नणंदेच्या वेणीत गंगावण मीच गुंफलं. म्हणजे लपवण्याची गरजच नव्हती. आम्ही विचारलंच नव्हतं.

त्या पोरीला ताप आमच्याच पाण्यानं आला, असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही. आधीच्या विहिरीचाही असेल, बाजारातल्या कशाचाही असेल. मी हे स्वतःला बरीच वर्षं सांगून पाहिलं. ओंजळीनं पिणारी ती पोर मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून ते टिकत नाही.

शिंप्याच्या बायकोला मी काय केलं ते कधी कळलं नाही. कारकुनानं गल्लीत एवढंच सांगितलं होतं की अक्कानं स्वतः जाऊन स्वतःची विहीर बंद करवली. पोरीचे दिवस झाल्यावर ती माझ्याकडे आली. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "सासरच्यांच्या विरोधात जाऊन सांगितलंत. माझी गेली, पण बाकीच्यांची लेकरं वाचली तुमच्यामुळं."

तेव्हा सांगायचं होतं. तोंडात शब्द आला होता. मी म्हणाले, "हो."

पुढं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनं माझ्याकडे सांजोऱ्या पाठवल्या. पहिली आखाजी होती, लेक गेलेली, तरी तळल्या आणि डबा भरून पाठवला. मग ते धुळं सोडून जाईपर्यंत दर आखाजीला पाठवायची. पाच वर्षं. मी डबा परत केला नाही, कारण परत केला असता तर कारण सांगावं लागलं असतं. मी त्या खाल्ल्या. चांगल्या व्हायच्या.